सिमेट्रीच्या भिंतीबाहेर

खुरीसवाडी, ता. मालवण
२० जुलै २०२५

प्रिय ब्रेंडा,

परवा फोनवर तू बोलत होतीस आणि मी "हो, हो" म्हणत होते, त्यातलं निम्मंही मला ऐकू आलं नाही, हे आधी सांगून टाकते. कानातलं मशीन शिट्टी मारतं आणि शेजाऱ्यांचा कुत्रा त्याला उत्तर देतो. म्हणून म्हटलं, सरळ पत्रच लिहावं. तूही हातानेच लिही आणि मोठ्या अक्षरात लिही. ते व्हॉट्सॲपवरचं "ओके आंटी" मला नको. जन्मभर शाळेत पोरांकडून निबंध लिहून घेतले, ते काय ओकेसाठी?

आमच्या घरात आता कामाची वाटणी झाली आहे. मला ऐकू येत नाही आणि तुझ्या अंकलला दिसत नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं तो टाळतोय. कणकवली डेपोत एसटीची इंजिनं उघडताना याला कधी भीती वाटली नाही, पण डोळ्याच्या डॉक्टरला घाबरतो. तेव्हा पत्र मी वाचायचं आणि त्याने ऐकायचं. बोलायचं काम त्याच्याकडे कधीच नव्हतं, त्यामुळे ते कुणाच्याच वाट्याला आलेलं नाही.

माझ्या भावाची मुलगी पुण्याला थिऑलॉजी शिकते, असं मी मोठ्या तोऱ्यात वाडीत सांगते. तर मासळीवाली कार्मेलिन विचारते, "म्हंजे ती मादर होतली?" मी म्हटलं, नाय गो, नन नाय, प्रोफेसर होतली. तर म्हणते, "मगे लगीन कोण करतलो?" तिचं समाधान करणं पोपलाही जमणार नाही.

आता कामाचं. जानेवारीत आपल्या चर्चचं फेस्त, वर्षाची जत्राच ती. गेल्या वर्षी गाड्या पार रस्त्यावर लागल्या, भांडणं झाली. म्हणून पॅरिश कौन्सिलने ठरवलंय की सिमेट्रीच्या मागच्या भिंतीपलीकडे जी काजूची झाडं आणि करवंदीची जाळी आहे ना, ती पट्टी सपाट करून पार्किंग करायचं. सनी त्यात पुढे आहे. माझ्याच वर्गातला पोरगा, गणितात कच्चा, पण मनाने सोनं. त्याला त्या पट्टीविषयी काही ठाऊक नाही. ठाऊक कसं असणार? कुणी सांगितलेलंच नाही.

पूर्वी बाप्तिस्मा व्हायच्या आत जी मुलं जात, त्यांना त्या पट्टीत ठेवायचे. भिंतीच्या आतली जमीन आशीर्वादलेली, म्हणून ही पोरं बाहेर. वर खुरीस नाही, साधा लाकडी क्रूसही नाही, नाव नाही, फार तर एखादा दगड. वाडीतल्या एका बाईचं मूल तिथे आहे. ती मला विचारत होती, भिंत सरकवून ती जागा आत घेता येईल का? आणि दुसरं असं विचारत होती की ती पोरं आता आहेत कुठे? आम्हाला शिकवलं होतं की ती लिंबोत जातात. तिथे दुःख नाही, पण देवाचं दर्शनही नाही. मग आईबाप मेल्यावर त्यांची गाठ पडते का, हे विचारायची तेव्हा सोय नव्हती.

तुझी पुस्तकं काय म्हणतात ते कळव. पाऊस सरला की जेसीबी येणार आहे.

तुझी,
वेरोनिका आंटी


पुणे
३ ऑगस्ट २०२५

प्रिय आंटी,

तुझं पत्र मी मेसमध्ये वाचलं आणि इतक्या जोरात ओरडले की वाढणाऱ्या मावशींच्या हातून आमटी सांडली. अगं, माझ्या प्रबंधाचा विषयच हा आहे! बाप्तिस्म्याविना गेलेली मुलं आणि त्यांच्याविषयी चर्चने वेळोवेळी काय शिकवलं. मी इथे जाडजूड ग्रंथ उपसतेय आणि माझा सगळा विषय आपल्या सिमेट्रीच्या मागे करवंदीच्या जाळीत पडलाय. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

तर ऐक, म्हणजे वाच. पाचव्या शतकात संत ऑगस्टीन यांनी फार कडक भूमिका घेतली. या मुलांनाही शिक्षा, फक्त सगळ्यांत सौम्य. पुढे मध्ययुगातल्या पंडितांना हे पटेना, म्हणून त्यांनी लिंबोची कल्पना मांडली. म्हणजे लिंबो हा खरं तर दयेपोटी काढलेला मार्ग होता. आणि महत्त्वाचं म्हणजे तो चर्चचा ठाम सिद्धान्त कधीच नव्हता, पंडितांचं मत होतं. गावोगावच्या कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात मात्र ते जणू देवानेच सांगितल्यासारखं शिकवलं गेलं. २००७ साली रोमच्या धर्मपंडितांच्या आयोगाने याचा पुन्हा विचार केला आणि सांगितलं की या मुलांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत. तुझ्या त्या बाईला सांग, लिंबो विसर.

आणि खरी गंमत पुढेच आहे. जीव धोक्यात असेल तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं! पाद्री लागत नाही, चर्च लागत नाही. आई देऊ शकते, बाप देऊ शकतो, सुईण देऊ शकते, आणि सुईण हिंदू असली तरी चालतं. चर्च जे करतं तेच करायचा हेतू असावा, डोक्यावर पाणी ओतावं आणि ते एक वाक्य म्हणावं, झालं. शतकानुशतकं हाच नियम आहे. म्हणजे विचार कर, त्या बाईच्या घरात तांब्याभर पाणी होतं, आणि कुणालाही ते सुचलं नाही! तेवढं केलं असतं तर ते मूल आज भिंतीच्या आत असतं. मी प्रबंधात एक वाक्य लिहिलंय: "ही दफनभूमी मुलांची नसून अज्ञानाची आहे." कसं वाटतं? सरांना फार आवडलं.

आंटी, मला त्या बाईशी बोलायचंय. नाव बदलून छापीन, काळजी नको. ती शिकलेली होती का, घरात कोण कोण होतं, पाद्रींना का बोलावलं नाही, एवढंच विचार. भिंतीचं काय करता येईल ते मी बघते.

अंकलना हे पत्र वाचून दाखव. त्यांना इंजिनातले नियम आवडायचे, हेही आवडतील.

तुझी,
ब्रेंडा


खुरीसवाडी
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय ब्रेंडा,

पत्र पोचलं. अक्षर मोठं काढलंस, ते बरं केलंस.

वाचून दाखव म्हणालीस, दाखवलं. ओसरीवर बसून सगळं वाचलं. मध्ये थांबायला हवं होतं, पण डोळे पुढे गेले तशी जीभही गेली. अंकल उठला आणि विहिरीकडे गेला, तो बराच वेळ आला नाही. हल्ली त्याचं जेवणात लक्ष नसतं. ताजे बांगडे आणून तिखलं केलं, तर काटे काढत बसला आणि ताट तसंच ठेवलं. डॉक्टर म्हणतात, वय झालं.

पंधरा ऑगस्टला चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना आणि मग झेंडा, दोन्ही झालं. सनीने भाषण केलं, ठीक केलं.

त्या बाईची मुलाखत वगैरे नको. ती अडाणी नव्हती, एवढंच लिहिते. आणि पाद्रींना बोलावलं होतं.

भिंतीचं मात्र लवकर कळव. बाकी काही नको.

तुझी,
आंटी


पुणे
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय आंटी,

उशीर झाला, रागावू नकोस. इथे एक सेमिनार होता आणि त्यात मला निबंध वाचायला मिळाला. पहिल्यांदाच! समोर केवढे फादर, सिस्टर, प्राध्यापक, आणि मी साडीचा पदर सावरत उभी. पण जमलं. खुरीसवाडीचं नाव न घेता मी ती पट्टी, ती बाई आणि तो तांब्या, सगळं सांगितलं. तांब्याचं सांगितल्यावर लोक हसले. वाईट अर्थाने नाही, आपण आपल्याच माणसांच्या भाबडेपणाला हसतो तसे. नंतर एका वयस्कर सिस्टर मला म्हणाल्या, "त्या घरात तू नव्हतीस, बाळा." मला वाटतं, मी असते तर मी पाणी ओतलं असतं, असं त्यांना म्हणायचं असावं.

भिंतीचं काम मी करून टाकलं. सनीला फोन केला. तो म्हणाला, तिथे नुसतं रान आहे, कागदोपत्री काही नाही. त्याने विचारलं, धर्माच्या दृष्टीने काही अडचण आहे का? मी सांगितलं, काही नाही. ती जागा कधी आशीर्वादलेली नव्हती, आणि आत्मे काही जमिनीत राहत नाहीत. मुलं देवाच्या हाती आहेत, मग वर गाड्या लागल्या काय नि फुलं उमलली काय. तो खूश झाला. म्हणाला, तुझ्यासारखं कुणीतरी शिकलेलं हवं होतं. त्या बाईलाही हेच समजावून सांग, म्हणजे तिच्या मनावरचं ओझं उतरेल.

अंकलचं बी-ट्वेल्व्ह तपासून घे. या वयात ते कमी होतं आणि मग जेवण जात नाही. उजव्या डोळ्याचंही उरकून टाका, मी सुट्टीत आले की सोबत येते.

तुझं पत्र इतकं छोटं का गं? शाळेत अशा निबंधाला तू किती मार्क दिले असतेस?

तुझी,
ब्रेंडा


खुरीसवाडी
११ ऑक्टोबर २०२५

ब्रेंडा,

आज प्रिय वगैरे लिहीत नाही. मला तुझा राग आलेला आहे आणि तो आधी कागदावर उतरू दे.

जेसीबी आला. त्याआधी मी सनीला निरोप धाडला होता की जरा थांब. तो लगेच घरी आला, पाया पडला आणि म्हणाला, "टीचर, ब्रेंडाक विचारलंय. ती शिकता ना तांच! ती म्हणाली, आत्मे जमनीत नसतत, कायच हरकत नाय." आता मी काय बोलणार? माझ्याच भाचीचा हवाला. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी वर्गात पोरांना म्हणायचे. तुला म्हणायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

सकाळी मी घावन घालत होते. अंकल खुर्चीत नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही. सनी धापा टाकत आला आणि हात धरून मला घेऊन गेला. जाऊन बघते, तर करवंदीच्या जाळीशेजारी तुझा अंकल जमिनीवर मांडी घालून बसलेला आणि समोर तो पिवळा जेसीबी. ड्रायव्हर आपला बाबली. त्याने इंजिन बंद केलं होतं. सनी विनवत होता, "अंकल, उठा मां, सगळ्यांचो खोळंबो होता." अंकलने मान वर केली नाही. म्हणाला, "हयसर खणूक देवचंय नाय. हयसर माझो झील आसा."

माझं मशीन घरी राहिलं होतं, तरी मला ते ऐकू आलं. झील, आपला मुलगा. हा शब्द इतक्या वर्षांत मी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता अर्थ नाही. ती बाई मी.

आमचं पहिलं मूल, दिवस भरायच्या आधीच झालं. तुझा बाबा तेव्हा शाळेत होता, त्याला कुणी सांगितलं नसणार. पोर बारीक आवाजात रडलं. घरात सुईण होती, सासूबाई होत्या, मी होते. आणि पाणीही होतं. तुझा नियम आम्हाला ठाऊक होता, ब्रेंडा. मला अख्खा कॅटेकिझम पाठ होता आणि सासूबाईंनाही. पण आमच्याकडे अशी समजूत होती की घरातल्या माणसाने पाणी ओतलं म्हणजे त्याने पोराची आशा सोडली. मरणाऱ्याला घरी बाप्तिस्मा, जगणाऱ्याला चर्चमध्ये. सुईणीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नको. पाद्री येऊ देत, रीतसर होऊ दे, माझं पोर जगणार आहे. तू त्याला अज्ञान म्हणतेस. म्हण. मला त्याला दुसरं काही नाव सापडत नाही, पण ते नाही.

तुझा अंकल, कॉन्स्टान्सियो, सायकल घेऊन निघाला. पाद्री त्या दिवशी खाडीपलीकडच्या छोट्या चर्चमध्ये, कपेलात, गेले होते. तिथून त्यांना पाठीमागे बसवून त्याने आणलं. ते आले तेव्हा पोर माझ्या कुशीत थंड झालं होतं. पाद्री दारातच थांबले. भला माणूस होता, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, पण मेलेल्याला बाप्तिस्मा देता येत नाही. दिवस मावळायच्या आत कॉन्स्टान्सियो पोराला घेऊन भिंतीबाहेर गेला. बायकांनी जायचं नसे. परत आला, हात धुतले, आणि नंतर आम्ही दोघं त्यावर एक अक्षर बोललो नाही. पुढे मूल झालं नाही, ते तुला ठाऊकच आहे.

तुझं तांब्याचं वाक्य मी स्वतःच्या तोंडाने त्याला वाचून दाखवलं. तेव्हापासून तो जेवत नाही. मधेच विचारतो, "म्हंजे मी गेलंय नसतंय तरी चालला असता?" तो घरी राहून आपल्या हाताने पाणी ओतू शकला असता, असं त्याच्या डोक्यात बसलंय. मी नको म्हटलं होतं हे मी सांगते, पण ते त्याला ऐकायचंच नाही. याला उत्तर काय देऊ? तू शिकलेली आहेस, तू दे.

त्या दिवशी कार्मेलिन मासळीची पाटी घेऊन चालली होती. गर्दी बघून आली, पाटी खाली ठेवली आणि सनीला म्हणाली, "माझा चेडू त्या काजीच्या बुडात आसा. थंय पण हात लावू नको." इतकी वर्षं आम्ही चर्चमध्ये एका बाकावर बसतो आणि मला तिच्या मुलीचं ठाऊक नव्हतं. बाबलीने पायातल्या चपला काढल्या आणि जेसीबी मागे घेतला.

काम थांबलंय, पण रद्द झालेलं नाही. फादर म्हणाले, मला वाईट वाटतं, पण नुसत्या भावनेवर भिंत हलवता येणार नाही, बिशपांना नियमात बसणारं कारण द्यावं लागेल. सनी दोन दिवस तोंड लपवून फिरतोय. त्याला मी काही बोलले नाही.

आंटी


पुणे
१५ ऑक्टोबर २०२५

प्रिय आंटी,

तुझं पत्र वाचलं. ते वाक्य मी प्रबंधातून काढलं आहे, पण सेमिनारमध्ये लोक हसले ते मला परत घेता येणार नाही. मी तुझ्यावर आणि अंकलवर भरल्या सभेत लोकांना हसवलं. माझी मलाच लाज वाटते. त्या सिस्टर मला काय म्हणत होत्या तेही आता कळतंय. माफ कर असं लगेच म्हणणार नाही, तुझा राग पुरता उतरू दे.

पण अंकलच्या प्रश्नाचं उत्तर मला देता येतं. हा पुढचा भाग त्यांना मोठ्याने वाच.

अंकल, चर्चच्या कायद्यात एक नियम आहे. मूल बाप्तिस्म्याआधी गेलं, पण आईबापांची बाप्तिस्मा द्यायची इच्छा होती, तर बिशप त्या मुलाचा अंत्यविधी चर्चच्या रीतीने करायची परवानगी देऊ शकतात. त्यात पाणी कुणी ओतलं, का ओतलं नाही, हे कुणी विचारत नाही. एकच गोष्ट बघतात की इच्छा होती का? तुम्ही सायकल काढलीत, खाडीपलीकडे गेलात आणि पाद्रींना घेऊन आलात. याहून जास्त इच्छा कुणाची असते? तुम्ही गेला नसतात तर चाललं नसतं, अंकल. आज त्या पोराच्या बाजूने ठेवायला आपल्याकडे तुमचं जाणंच तर आहे.

आंटी, आता तुला खरं सांगते, कारण तुला गोड बोलून फसवणं मला जमणार नाही. तो स्वर्गात आहे असं चर्च ठामपणे म्हणत नाही. आशा धरा, असं म्हणतं, आणि त्याची कारणं देतं. माझ्या शिक्षणाला यापुढे एक पाऊलही टाकता येत नाही. मात्र तुझी भाची म्हणून विचारशील, तर मला तसूभरही शंका नाही. तुम्ही दोघांनी ज्याची एवढी वाट बघितली त्याला देव दारात उभा ठेवील, हे मला कुठल्याही ग्रंथाने सांगितलं तरी पटणार नाही.

तू हो म्हणालीस तरच मी फादरना हा नियम कळवते, बिशपांसाठी अर्जाचा मसुदाही करून देते. तुमचं नाव घालायचं की नाही ते तू ठरव. सनीला मी फोन केला. आम्ही दोघंही रडलो, आणि मग तो म्हणाला, नवी भिंत तो स्वतः उभा राहून बांधून घेईल.

दोन नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या दिवशी, मी येते. त्याच सुमारास माझी तोंडी परीक्षा आहे, ती पुढे ढकलता येईल.

ब्रेंडा


खुरीसवाडी
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय ब्रेंडा,

तू येते म्हणालीस आणि मी सनीकरवी अर्जाला हो, पण येणं नको असा निरोप धाडला, तो रागाने नाही. परीक्षा सोडून माणसं माझ्याकडे रडायला यावीत, हे माझ्यातल्या मास्तरणीला सहन होत नाही. राग उतरला. पूर्ण उतरला असं नाही, पण जो आहे तो घरच्या माणसावरचा आहे.

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. "तुम्ही गेला नसतात तर चाललं नसतं", हे पुन्हा वाच म्हणाला. वाचलं. पुन्हा वाच म्हणाला. तिसऱ्यांदा मला वाचता येईना, तेव्हा त्यानेच ते म्हणून दाखवलं, पाठ झालं होतं त्याला. त्या दिवशी जेवला.

बिशपांची परवानगी वेळेत आली. तुझा अर्ज बघून फादर म्हणाले, असा नियम असतो हे मी सेमिनरीत शिकलो होतो, वापरायची वेळ कधी आली नव्हती. तरुण माणूस आहे, मनाने चांगला आहे. सनीने आणि बाबलीने सिमेट्रीची मागची भिंत मधोमध फोडून वाट केली. फेस्ताआधी नवी भिंत बाहेरून घेणार आहेत आणि जुनी पाडणार आहेत. गाड्या शाळेच्या मैदानात लागतील. हे आधीच कुणाच्या डोक्यात का आलं नाही कोण जाणे.

काल संध्याकाळी मिस्सा झाल्यावर सगळे आधी आतल्या कबरींवर गेले. मेणबत्त्या, फुलं, नेहमीसारखं. मग फादर त्या वाटेने पलीकडे गेले आणि त्यांच्यामागून आम्ही. मला वाटलं होतं, मी आणि कार्मेलिन असू. ब्रेंडा, किती बायका आल्या होत्या म्हणून सांगू! वेंगुर्ल्याला दिलेल्या, गोव्याला गेलेल्या, काठी टेकत आलेल्या. एकमेकींकडे बघत होत्या आणि कुणीच कुणाला "तू पण?" असं विचारत नव्हतं. एक जण आपल्या मेलेल्या आईच्या वतीने आली होती. प्रत्येकीने आपली जागा बरोबर ओळखली. रान एवढं वाढलेलं, खुणेचे दगड कधीच गेलेले, तरी कुणी चुकलं नाही. मी मात्र चुकले असते, कारण मी त्या जागी कधी गेलेच नव्हते. तुझ्या अंकलने माझा कोपर धरून मला नेलं. ज्याला धड दिसत नाही तो मला वाट दाखवत होता.

फादर प्रत्येकीजवळ थांबत होते. पवित्र पाणी शिंपडायचे, प्रार्थना म्हणायचे. प्रार्थनेत मुलाचं नाव येतं, म्हणून आधी नाव विचारत होते. बऱ्याच जणी म्हणाल्या, "नाव नाय थेवलेला, फादर." मग फादर म्हणायचे, आता ठेवा, आणि त्या बिचाऱ्या गोंधळून सुचेल ते नाव सांगायच्या. कार्मेलिनने मुलीचं नाव वेरोनिका सांगितलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काय? दुसरा खंयचा येता माका?" रडत रडत हसलो आम्ही दोघी.

मग फादर आमच्याकडे आले. नाव काय, म्हणाले. मी आदल्या दिवसापासून विचार करत होते आणि एकही नाव माझ्या मनाला लागत नव्हतं. मी तोंड उघडणार, तोच अंकल म्हणाला, "इनास."

असं म्हणाला, जसं शाळेच्या दाखल्यावर लिहून ठेवलेलं असावं. फादरनी इनाससाठी प्रार्थना म्हटली. पाणी पडलं, थोडं माझ्या हातावरही पडलं.

घरी येताना मी विचारलं, हे नाव आलं कुठून? आधी त्याने फाटक उघडलं. मग अंगणात आल्यावर म्हणाला, "सायकलीर पाद्रीन विचारल्यान, नाव काय थेवतलंस? घराक पोचल्यार येळ जावक नको म्हणान. मी सांगलंय, इनास."

मी म्हटलं, "मगे माका कित्याक सांगूक नाय?"

म्हणाला, "तू रडत होतंस. आनी मगे कसा सांगतलंय?"

ब्रेंडा, इतकी वर्षं माझ्या मुलाला नाव होतं. दोन माणसांना ते ठाऊक होतं. त्यातले पाद्री केव्हाच देवाघरी गेले आणि दुसरा रोज माझ्या समोर बसून जेवत होता. रात्री मला त्याचा राग येत होता आणि त्याची दयाही येत होती. एवढं ओझं त्याने एकट्याने वाहिलं आणि वाटेत कुठे टेकलासुद्धा नाही.

आज सकाळी अंगण झाडता झाडता मी ते नाव एकदा मोठ्याने घेऊन बघितलं. मशीन कानात नव्हतं, त्यामुळे जरा जास्तच मोठ्याने झालं असावं. अंकल आतून दारात आला आणि "काय गो?" असं त्याने विचारलेलं मी ओठांवरून ओळखलं.

मी म्हटलं, "तुका नाय. इनासाक हाक मारलंय."

तुझी,
वेरोनिका आंटी